चार बोटांचं माप

दत्तोपंत गेल्याचं मला परवा एका मुंजीच्या जेवणात कळलं. शेजारच्या पाटावरचे गृहस्थ आमटीचा भुरका मारून म्हणाले, "केवढा माहितगार माणूस हो! कुठल्याही विषयावर विचारा, उत्तर तयार." समोरच्या पंगतीतल्या दोघातिघांनी माना डोलावल्या. असा माणूस रत्नागिरीत पुन्हा व्हायचा नाही, असंही कुणीतरी म्हणालं. मी भात तसाच टाकून उठलो. यजमान बिचारे मागे धावत आले, "काय झालं? मठ्ठा आंबट लागला का?" त्यांना काय सांगणार! माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलावं हे मलाही लहानपणी शिकवलेलं आहे. पण मी दत्तोपंतांबरोबर एका छपराखाली सहा वर्षं उभा राहिलो आहे. ते गेले म्हणून माझा राग जात नाही.

तीस सालाच्या आगेमागची ही गोष्ट. रत्नागिरीच्या बाजारपेठेत खेळाच्या आणि शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक मुंबईला. वर्षातून दोनदा बोटीनं यायचे, दुकानात खुर्ची टाकून बसायचे, आंबा-फणस बांधून घेऊन परत जायचे. एरवी दुकानात आम्ही दोघेच. आत शिरल्यावर डाव्या हाताला माझी बाजू. तिथे क्रिकेटच्या बॅटी, फूटबॉल आणि क्लबातल्या साहेबलोकांसाठी टेनिसच्या रॅकेटी. उजव्या हाताला मोठं काचेचं कपाट, त्यात बंदुका. खालच्या खणात काडतुसं, छर्रे आणि बंदुकीच्या दारूचे डबे. ती बाजू दत्तोपंतांची.

दिसायला माणूस भारदस्त. काळी टोपी, बंद गळ्याचा पांढराशुभ्र कोट आणि कोटाच्या खिशात पिवळ्या फलाणीचा तुकडा. गिऱ्हाईक आलं की तो तुकडा बाहेर निघायचा. बंदूक खाली काढायची, एकदा वरून खाली पुसायची, खट्‌ करून मधे मोडायची, नळी डोळ्याला लावून दाराच्या उजेडाकडे बघायचं आणि म्हणायचं, "हं." त्या 'हं'वर माणसं खूश व्हायची. मग बंदूक पुन्हा मिटताना तिचं तोंड नेमकं माझ्या पोटाकडे यायचं. दुरुस्तीला आलेल्या बंदुकांच्या बाबतीतही तेच. ती भरलेली आहे की रिकामी, हे दत्तोपंत कधी बघत नसत. सहा वर्षं मी रॅकेटींच्या मागे वाकत काढली.

त्यांनी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नव्हती. ते काही पाप नव्हे. मीही कधी टेनिस खेळलेलो नव्हतो. पण रॅकेटीची तात किती ताणावी असं कुणी विचारलं, तर मी सरळ सांगायचो, "मला ठाऊक नाही, क्लबात खेळ शिकवणाऱ्या मार्करला विचारा." गिऱ्हाईक गेल्यावर दत्तोपंत मला झापायचे. "अहो, असं बोलून दुकानाची अब्रू घालवता! माहीत नाही म्हणायचं असेल तर दुकानात उभं कशाला राहायचं?" त्यांचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाईकासमोर डब्यावरचं कधी वाचायचं नाही. दुकानदार डबा उलटा करून वाचायला लागला की गिऱ्हाईकाला कळतं, याला येत नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, इंग्रजी उत्तम वाचायचा, पण डब्यावरचं अक्षर वाचायची त्यांना लाज वाटायची. आणि कुणी फार खोदून विचारलंच, तर ठेवणीतलं वाक्य तयार असे, "विलायतेत हल्ली हेच चालतं."

केळशीकडचे एक खोत होते. त्यांनी मुंबईहून दुनळी बंदूक मागवली. नवीकोरी, सुरेख. ती दाखवायला ते हौसेनं आमच्याकडे आले. दत्तोपंतांनी फलाण फिरवली, नळ्यांच्या तोंडात आळीपाळीनं बोट घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "खोत, तुम्हांला फसवलं. ही डावी नळी तोंडाशी दबलेली आहे. उजवीत बोट जातं, हिच्यात अडतं. कारखान्यातच ठोकर लागलेली दिसते." खोत हबकले. दत्तोपंतांनी धीर दिला, लेथवाल्या मिस्त्र्याचं नाव सांगितलं आणि ती डावी नळी तोंडाशी आतून कातून घेतली. दोन्ही नळ्या अगदी सारख्या झाल्या. खोतांनी खूश होऊन दुकानात पायरीच्या आंब्यांची पेटी पाठवली.

दोन महिन्यांनी खोत पुन्हा आले ते दापोलीच्या एका पेन्शनर हवालदाराला बरोबर घेऊन. पल्टनीत हत्यारं दुरुस्त करण्यात त्या हवालदाराचं आयुष्य गेलेलं. तो दत्तोपंतांच्या समोर उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "पंत, डावी नळी तोंडाशी आवळ असते ती लांबच्या नेमासाठी. छर्रे फाकू नयेत म्हणून कारखानदार मुद्दाम तशी करतो. तुमी बंदुकीचा निम्मा जीव कातून टाकलात. एक इचारू? तुमी कदी बंदूक उडवली हाय काय?"

दत्तोपंतांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "हवालदार, मिठाईवाला सगळी मिठाई खात बसला तर विकणार काय?"

दुकानातली माणसं हसली. ज्यांची बंदूक गेली ते खोतसुद्धा हसले. मीही हसलो. हवालदार मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, बॅटी-बॉलांकडे बघितलं आणि छत्री उचलून निघून गेला. त्या माणसासमोर हसल्याची मला आजही लाज वाटते.

छर्ऱ्यांचं तर विचारूच नका. छर्ऱ्याचा नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे कोकणातला कुठलाही शिकारी सांगेल. दत्तोपंतांचा हिशेब सरळ होता, आकडा मोठा तर छर्रा मोठा. डुकरासाठी काडतुसं मागायला आलेल्या माणसाला त्यांनी आठ नंबरची दिली. चिमण्या-लाव्यांची ती काडतुसं. त्या माणसानं डुकरावर बार टाकला, डुकराला नुसती खाज सुटली असेल, आणि ते उलटून अंगावर आलं. माणूस काजूच्या झाडावर चढला म्हणून वाचला. तो तक्रार घेऊन आला तेव्हा दत्तोपंतांनी त्याला चहा पाजला, थोरल्या मुलीचं लग्न ठरलं का विचारलं, आणि डुक्कर निबर असेल असं सांगितलं. तो समाधानानं गेला.

हेच त्यांचं सगळ्यात वाईट होतं. माणूस दुष्ट असता तर सोपं गेलं असतं. प्रत्येकाच्या पोरांची नावं त्यांना पाठ, कुणाच्या घरी आजारपण असलं तर आठवणीनं चौकशी. उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाण्याचा तांब्या आणि गूळ. लोकांचा जीव होता त्यांच्यावर. आणि त्या विश्वासाच्या बदल्यात हा माणूस त्यांना काय देत होता, तर तोंडाला येईल ते.

धोंडूतात्या हातखंब्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. कुणबी माणूस, पन्नाशीचा, बोलणं कमी. सतरा घरांच्या त्या वाडीत मिळून एकच बंदूक, शेताच्या राखणीच्या परवान्यावरची, धोंडूतात्याच्या नावानं. जुनी ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं ठासायचं. दारू किती घातली हे तोलायला वाडीत तराजू कुठला! गज नळीत सोडायचा आणि नळीच्या तोंडावर तो किती बोटं वर राहतो ते बघायचं. गज उजव्या हातात, माप डाव्या हाताच्या बोटांनी. चार बोटं वर राहिला की झालं. धोंडूतात्याच्या बापानं ते माप त्याला शिकवलेलं आणि बापाला त्याच्या बापानं. काळ्या दारूला ते बरोबरही होतं.

त्या वर्षी पावसाळ्यानंतरची पहिली बोट उशिरा लागली. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे दुकानातली काळी दारू केव्हाच संपलेली. बोटीनं जी पेटी आली ती मी स्वतः उघडली. काळी दारू आलीच नव्हती. तिच्या जागी निराळेच डबे होते, बिनधुराच्या, काळीपेक्षा कितीतरी जोरदार अशा नव्या दारूचे. झाकणावर ठळक तांबड्या अक्षरांत इंग्रजीत छापलेलं, की ही दारू ठासणीच्या बंदुकीत घालू नये, आणि काडतुसं भरतानासुद्धा तोलूनच घ्यावी. मी ते वाचलं. डबे फडताळात लावून ठेवले आणि माझ्या कामाला लागलो.

दुपारी धोंडूतात्या आला. उन्हातून चालत आलेला. दत्तोपंतांनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला.

"पंत, दारू हाय काय वो?" तो म्हणाला. "भात कापनीला आलाय. डुकरां रोज येतात. डोंगराकडच्या भाताच्या दळ्या पार लोळवल्यानी. आता चार दिस थांबलो तर घरात दाणा यायचा नाय."

"काळी नाही. पण त्याहून चांगली आलीय," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी डबा फलाणीनं पुसून पुढे ठेवला. "हिला धूर नाही. जनावराला पत्ता लागत नाही बार कुठून आला तो."

धोंडूतात्यानं डबा हातात घेऊन हलवून बघितला. वाचता येत नव्हतं, पण माणूस अडाणी नव्हता. त्यानं नेमकं विचारायचं तेच विचारलं. "आनी माप? आमची चार बोटां असतात. हिला तीच घालू, का कमी?"

इथे एक माणूस 'माहीत नाही' म्हणाला असता तर सगळं निभावलं असतं. डबा उलटा करून वाचला असता तरी निभावलं असतं. दत्तोपंत म्हणाले, "चार म्हणजे चार. दारू ती दारू. विलायतेत हल्ली हीच चालते."

मी तिकडून म्हटलं, "दत्तोपंत, झाकणावर तांबड्या अक्षरांत काहीतरी लिहिलंय, ते जरा..."

दत्तोपंत माझ्याकडे वळलेसुद्धा नाहीत. धोंडूतात्याकडे बघून हसले. "हे आमचे रॅकेटवाले. यांना आता बंदुकीतलंही कळायला लागलं." धोंडूतात्याही हसला, माझा मान राखून, अगदी थोडं. 'काहीतरी लिहिलंय' म्हणालो मी. काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. ते ओरडून सांगायला हवं होतं, डबा त्याच्या हातातून ओढून घ्यायला हवा होता. मी टेनिसच्या जाळ्याची घडी घालत बसलो. नोकरी, भीड, वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत उलट बोलू नये ही शिकवण, सगळी कारणं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. एकही पटत नाही.

आठवडाभरानं धोंडूतात्याचा भाऊ दुकानात आला. तिन्हीसांजेला शेताच्या बांधावरून बार काढला आणि बंदूक हातातच फुटली. नळी पाठीमागून फाटली. डाव्या हाताची तीन बोटं जागीच गेली आणि चौथं डॉक्टरांनी काढलं. राहिला तो अंगठा. दत्तोपंतांनी "अरेरे" म्हटलं. खरंच वाईट वाटलं त्यांना, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डझनभर केळी आणवली आणि माझ्या हाती इस्पितळात पाठवून दिली. स्वतः आले नाहीत. त्यांना रक्त बघवत नसे.

धोंडूतात्या खाटेवर उठून बसला होता. केळी त्यानं बाजूला ठेवली आणि मला म्हणाला, "पंतांना सांगा, माप मी बरोबर घातलेलां. चार बोटां. हीच." आणि बांधलेला हात माझ्यापुढे केला. दाखवायला तिथे काही नव्हतं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं आणि त्यानं हात पांघरुणाखाली घेतला.

मी दुकानात येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. दत्तोपंत म्हणाले, "हं."

पण गोष्ट तिथे संपली नाही. फुटलेली बंदूक पोलिसांनी नेली. जादा दारू ठासल्यामुळे नळी फुटली, परवानेदार निष्काळजी आहे, असा कागद मामलेदार कचेरीत गेला. परवाना रद्द व्हायची पाळी आली. म्हणजे सतरा घरांना राखणच नाही. धोंडूतात्या, हात पंच्यात गुंडाळून, पुन्हा आमच्या दुकानात आला. आवाज चढवून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "पंत, येवढांच लिवून द्या, की नवी दारू होती आनी चार बोटां घालायला तुमी सांगितलात. तुमच्यावर मी काय बोट ठेवीत नाय. माझा परवाना तेवढा ऱ्हाऊं दे."

दत्तोपंत कपाटाची काच पुसत होते. पुसतच राहिले. मग अगदी मायेच्या आवाजात म्हणाले, "धोंडू, मी सांगितलं ते बरोबरच होतं. पण माझी बोटं आणि तुझी बोटं सारखी का? तुझा हात शेतकऱ्याचा, बोटं जाड. चार म्हणता पाचाचं माप झालं असणार. तूच विचार कर."

धोंडूतात्यानं पंचा थोडा सोडला आणि आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "आसल बा. माजीच चुकी आसल."

त्याला खरंच तसं वाटलं! तीन पिढ्यांचं माप हातात असलेल्या माणसाला, कधी बंदूक न उडवलेल्या माणसानं, त्याच्या नसलेल्या बोटांची जाडी सांगितली आणि त्यानं ती मान्य केली. मी तिथेच होतो. तांबड्या अक्षरांचे उरलेले डबे माझ्या डोळ्यांसमोर फडताळात होते. मी तेव्हाही बोललो नाही. परवाना गेला. पुढच्या वर्षी वाडीनं डोंगराकडच्या दळ्या पडीक टाकल्या, हे मला धोंडूतात्याच्या भावानं सांगितलं. तो तेव्हा बोट पकडून मुंबईला गिरणीत निघाला होता.

मी नोकरी सोडली आणि एका शाळेत कारकून झालो. त्यात काही मर्दुमकी नव्हती. शाळेत पगार बरा होता, इतकंच.

चारपाच वर्षांनी ते दुकान मालकांनी मोडलं. दत्तोपंत बाजारातच एका औषधांच्या दुकानात लागले. मी तिकडे फिरकत नसे. पण एकदा माझ्या मुलीला खोकला झाला, डॉक्टर गावात नव्हते, ते दुपारच्या मोटारीनं यायचे होते. कुठून तरी ऐकलं होतं की खोकल्याचं एक चांगलं विलायती औषध आलंय. म्हणून गेलो.

दत्तोपंत तसेच. टोपी, बंद गळ्याचा कोट. पुढ्यात मिरकरवाड्याची एक कोळीण उभी होती, तिला ते तीच बाटली देत होते. बाटली फलाणीनं पुसली, उजेडाला धरली. "हं."

"किती देऊं वो? झिलगा सहा म्हयन्यांचा हाय," तिनं विचारलं.

"दोन चमचे. सकाळ-संध्याकाळ. शांत झोपेल बघ. विलायतेत हल्ली हेच देतात."

ती बाटली टोपलीत टाकून निघाली. दत्तोपंतांनी मला पाहिलं. ओळखीचं हसले. मी तीच बाटली मागितली आणि म्हटलं, "मुलगी पाच वर्षांची आहे. किती द्यायचं?"

दत्तोपंतांनी इकडेतिकडे बघितलं. मग फळीवरून पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्हांला म्हणून सांगतो, मला माहीत नाही हो. तुम्ही काही वाचल्याशिवाय राहायचे नाहीत. यात अफू आहे म्हणतात. डॉक्टर आले की त्यांना विचारा."

सहा वर्षांत जे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल ऐकले नव्हते, ते असे ऐकले. किती सहज निघाले ते! म्हणजे त्यांना येत होते. कुणापुढे बोलायचे आणि कुणापुढे नाहीत, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना काहीतरी घाणेरडं बोललो असेन, काय ते आठवत नाही. मागे वळून बघितलं तेव्हा ते फलाणीचा तुकडा हातात धरून, खरोखर न कळून, माझ्याकडे बघत होते. ते मला दिसलेले शेवटचे दत्तोपंत.

मी धावत सुटलो. कोळीण मिरकरवाड्याच्या वाटेला लागली होती. तिला गाठून मी म्हटलं, "बाई, ते औषध मुलाला देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा."

तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुमाला काय म्हाईत? तुमी दुकानवाले काय?"

"नाही."

"मग दुकानवाल्याचां ऐकूं का तुमचां?"

मी तिच्या टोपलीतली बाटली उचलली आणि चालायला लागलो. तिनं मला भररस्त्यात चोर म्हटलं, माझ्या आईबापांचा उद्धार केला, माणसं जमा झाली. मी थांबलो नाही. शिव्या देत ती माझ्यामागून थेट डॉक्टरांच्या ओटीपर्यंत आली. डॉक्टर नुकतेच मोटारीतून उतरले होते, पायांतला जोडाही काढला नव्हता. "सहा महिन्यांच्या पोराला दोन चमचे द्यायला सांगितलेत," मी म्हटलं. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, चष्मा लावला, बाटली उलटी केली आणि तिच्यासमोर उभं राहून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी ती स्वतःच्या खिशात टाकली आणि तिला विचारलं, "मुलाला अजून पाजलं नाहीस ना?"